सत्त्याहत्तर सालातला माणूस

नीलकंठ आगाशेला १९७७ साल तोंडपाठ होतं. आपल्याकडचं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात यंगस्टाउन नावाचं पोलादाचं शहर आहे, त्या शहराचं. कुठलीही तारीख विचारा. त्या दिवशी तिथे ऊन होतं की बर्फ, पेपरात पहिल्या पानावर काय होतं, कुठल्या दुकानात टर्की स्वस्त लावली होती, हे तो डब्यातली भाजी चिवडत सांगायचा. स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाची आठवण मात्र दमयंतीलाच त्याला करून द्यावी लागे. आणि त्या यंगस्टाउनमध्ये त्याने उभ्या आयुष्यात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

आम्ही दोघं कावासाकीतल्या एका संशोधन संस्थेत एकाच दिवशी रुजू झालो, १ एप्रिल २०१३ ला. कारखान्यांच्या शहरांचं पुढे काय होतं, याचा अभ्यास करणारी ती संस्था. मी तिसऱ्या मजल्यावर माती तपासायची. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनीत काय काय मुरलंय, ते बघायचं. नीलकंठ चौथ्या मजल्यावर, इतिहास विभागात. आमच्या संचालकांना सगळे शोचो म्हणत. त्यांची कामाची एक पद्धत होती: एका माणसाने एकच शहर आणि एकच वर्ष घ्यायचं, आणि त्या वर्षाचा प्रत्येक दिवस लावायचा. सोमवारी काय, मंगळवारी काय. आपल्याकडचा माणूस सहा महिन्यांत कंटाळून पळाला असता. नीलकंठने दहा वर्षं काढली.

तो मुळातच तसा. जपानमध्ये कचरा वेगळा करणं हा एक धर्म आहे आणि नीलकंठ त्यातला कर्मठ. बाटलीचं झाकण वेगळं, वरचा कागद वेगळा, बाटली धुऊन, वाळवून, चेपून. त्याच्या इमारतीतले जपानी म्हातारे त्याला विचारायला येत, की आगाशे-सान, हे कुठल्या दिवशी टाकायचं? याचा त्याला केवढा अभिमान! मी त्याला म्हणायची, "नीलकंठ, तुला पुढच्या जन्मी कावासाकी वॉर्ड ऑफिसात खिडकी मिळणार." तो मान खाली घालून हसायचा. भांडण म्हणून त्याला ठाऊक नव्हतं. मला दुसरं काही येत नाही, त्यामुळे आमचं जमायचं.

तर ते साल. सोमवार, १९ सप्टेंबर १९७७. त्या सकाळी यंगस्टाउनच्या लोकांना कळलं की त्यांचा मोठा पोलाद कारखाना बंद होणार आणि पाच हजारांच्या आसपास माणसं घरी बसणार. पुढच्या काही दिवसांत लोकांनी लाखभर सह्या गोळा केल्या, बसगाड्या भरून वॉशिंग्टनला नेल्या. हाती काही लागलं नाही. नीलकंठ त्या आठवड्याबद्दल बोलायला लागला की त्याचा आवाज बारीक व्हायचा, घरातलं माणूस आजारी असल्यासारखा.

आता कायद्याची गोष्ट सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. २०१३ साली कायदा बदलला: संशोधक सलग दहा वर्षं एका जागी कामावर राहिला आणि करार त्यापुढे एक दिवस जरी गेला, तरी त्याला कायमची नोकरी मागायचा हक्क. कायदा आमच्या भल्यासाठी केलेला. संस्थेने त्यातून काय अर्थ काढला? दहा वर्षं होतील त्या दिवशी माणूस बाहेर. म्हणजे ३१ मार्च २०२३. त्या दिवशी आम्ही एकूण तेवीस जण जाणार होतो.

माझं एक वेळ चाललं असतं. माझा नवरा जगदीश टोकियोत बँकेत आहे, आमचं घर तिथल्याच कोतो भागात, व्हिसाही त्याच्या नोकरीवर निघाला असता. नीलकंठचं सगळं घर या एका करारावर टांगलेलं होतं. त्याचा व्हिसा, त्यावर दमयंतीचा, त्यावर अपूर्वाचा. दमयंती पुण्यात बँकेत अधिकारी होती. इथे आठवड्याला मोजून अठ्ठावीस तास, तेवढीच परवानगी, एका कारखान्यात बेंतोचे डबे भरायची. अपूर्वा पाचव्या वर्षी इथे आली, आता पंधरा वर्षांची. तिच्याशी मराठीत बोललं की ती जपानीत उत्तर द्यायची. देवनागरी वाचताना बोट फिरवायची. हायस्कूलची प्रवेशपरीक्षा पार पडून एप्रिलमध्ये तिची नवी शाळा सुरू व्हायची होती. तिला उचलून पुण्याला न्यायची म्हणजे काय करायची? कुठल्या वर्गात बसवायची?

नीलकंठने साठेक ठिकाणी अर्ज केले होते. जपानमध्ये, सिंगापूरला, पुण्यालासुद्धा. पंचेचाळीस वर्षांचा माणूस आणि हाती एका परक्या शहराचं एक वर्ष. कोणाला हवंय?

२०२२ च्या ऑक्टोबरात आमच्या प्रयोगशाळेतले हिरानो-सान माझ्या टेबलाशी आले. साठीला आलेले तंत्रज्ञ, संस्थेतल्या सात माणसांच्या युनियनचे अध्यक्ष. त्यांनी स्वच्छ सांगितलं: जे युनियनमध्ये येऊन यादीवर सही करतील आणि नावाचा शिक्का उमटवतील, त्यांच्यासाठी आम्ही संस्थेशी बोलणी करू. इतरांसाठी बोलायचा आम्हाला हक्क नाही. मी तिथेच शिक्का मारला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याची यादी त्यांनी माझ्याकडे दिली आणि मी जिना चढून थेट नीलकंठकडे गेले.

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो काय? सही कर."

"विभा, माझं शोचोंशी पर्सनली बोलणं झालंय. त्यांनी ऐकून घेतलं. प्रोजेक्ट अर्धवट आहे हे त्यांना माहितीये. अशा वेळी मी युनियनच्या लिस्टवर दिसलो, तर ते बरं नाही दिसणार."

दहा वर्षं जपानमध्ये काढलेला माणूस! इथे साहेब सगळ्यांचंच ऐकून घेतो. मान हलवतो, वहीत टिपतो, जिन्यापर्यंत पोचवायला येतो. कुणालाही विचारा. पण आपल्या माणसाच्या मनातून ते जात नाही, की साहेबाशी आपलं म्हणून काही वेगळं आहे. मी म्हटलं, बरं, चार दिवस घे.

चार दिवसांचे तीन महिने झाले. यादीवर नऊ नावं झाली, दहा झाली. नीलकंठ मला जिन्यात टाळायला लागला. नांबू लाइनवर आम्ही संध्याकाळी एकत्र जायचो, आता तो आधीची गाडी पकडायचा. वजन उतरलं होतं त्याचं. दमयंती मला फोनवर म्हणाली, "विभाताई, तो जेवत नाही हो. ताटात वाढलेलं तसंच. विचारलं तर म्हणतो, होईल काहीतरी." यादीचं तिला काहीच माहीत नव्हतं, आणि मला वाटलं, नवरा-बायकोच्या मध्ये आपण कशाला पडा? तिथेच मी चुकले.

जानेवारीच्या शेवटी तो आपण होऊन तिसऱ्या मजल्यावर आला. चेहरा फुललेला. मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे बघ. नोटीस बोर्डावर लागलंय."

दोन हजार अकराच्या भूकंपानंतर इथे प्रत्येक ऑफिसात प्रत्येक मजल्याला एक माणूस नेमलेला असतो. धरणी हलली की त्याने पांढरं हेल्मेट घालायचं, सगळ्यांना जिन्याने खाली न्यायचं, डोकी मोजायची. एप्रिलपासूनच्या नव्या वर्षाची ती यादी होती. चौथा मजला: आगाशे.

"एप्रिलपासूनची आहे, विभा. पुढच्या मार्चपर्यंत. मी नसणार असतो, तर माझं नाव कशाला टाकतील? इथली माणसं अशा बाबतीत चूक करत नाहीत."

मला हसावं की रडावं कळेना. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे काडीही नव्हती, नोटीस बोर्डावरचा कागद होता. मी खाली ऑफिसात गेले आणि तिथल्या बाईंना विचारलं. त्या बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या, की गेल्या वर्षीचीच यादी तारीख बदलून लावलीय, एप्रिलमध्ये माणसं बदलली की दुरुस्त करू. मी ते जसंच्या तसं नीलकंठला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "त्या क्लार्क आहेत. वरचं त्यांना काय माहीत असणार?"

त्या दिवसापासून तो पुन्हा जेवायला लागला. दमयंतीचा आनंदाने फोन आला. मी काय बोलणार?

यादी बंद व्हायची शेवटची तारीख होती दहा फेब्रुवारी. त्या दुपारी कॅन्टीनमध्ये मी त्याच्यासमोर जाऊन बसले. यादी ठेवली, पेन ठेवलं, आणि बॅगेतून त्याच्या स्वतःच्या यंगस्टाउनवरच्या पुस्तकाचं सातवं प्रकरण काढलं. त्याचं इंग्रजी मीच तपासून द्यायची. त्या प्रकरणात त्याने काही फोरमन लोकांबद्दल लिहिलं होतं. त्यांनी म्हणे सह्या केल्या नव्हत्या, कारण प्रत्येकाला वाटत होतं की सुपरिंटेंडेंट आपल्याला तरी ठेवून घेईल. नीलकंठसारख्या मऊ माणसाने त्यांना सोडलं नव्हतं. मी त्याचं वाक्य त्यालाच मराठी करून ऐकवलं: सही करून जे हरले त्यांना निदान शेजारी उरले, न करणाऱ्यांना तेही उरले नाहीत.

"हे तू लिहिलंस. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आता स्वतःवर वेळ आली तर कोरडा पाषाण?"

त्याने सूपची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाला, "त्या लाख सह्यांनी काय झालं, सांग ना. मी रोजचा दिवस लावलाय. काही नाही झालं."

"आपण लाख नाही, अकरा आहोत. अकरा जणांचं होऊ शकतं. हिरानो-सान उगाच बोलत नाहीत."

"विभा, मी अकरा वर्षांचा असताना पिंपरीला बाबांच्या कारखान्यात संप झाला. मागण्यांच्या कागदावर पहिली सही बाबांची. सगळ्यांनी आग्रह केला, तुमचं अक्षर चांगलंय म्हणून. मॅनेजमेंटने तोच कागद घेतला आणि वरून खाली काढत गेले. पहिले बाबा. मधल्या कोणाशी तरी तडजोड झाली, खालच्यांना परत घेतलं. बाबा बारा वर्षं घरी बसले. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खुर्चीत. आई डबे करायची. यादी ही त्यांची सोय असते गं. कोणाला आधी काढायचं याची. तुला काय, तुला जगदीशची बँक आहे. माझी पोर आहे. मी साहेबाला दुखवू शकत नाही."

मी त्या वेळी त्याचा हात धरायला हवा होता. बाबांबद्दल तो दहा वर्षांत पहिल्यांदा बोलत होता. पण मला सणक आली. मी कागद गोळा केले आणि भर कॅन्टीनमध्ये म्हटलं, "मग बस साहेबाच्या पायाशी. पोरीला सांग, बापाने शिक्का मारायला भिऊन तुझी शाळा घालवली."

त्याने ट्रे उचलला, वाटी, चमचे, कागदी रुमाल वेगवेगळ्या जागी टाकले आणि गेला. संध्याकाळी पाचला मी यादी हिरानो-सानांकडे दिली. तेवीसांपैकी अकरा नावं. पाच वाजेपर्यंत मी जिन्याकडे बघत होते, हे खरं आहे.

चौदा मार्चला निकाल लागला. बातम्यांत या दहा वर्षांच्या नियमाचा गवगवा झाला होता, संस्थेला बदनामी नको होती. यादीतल्या अकराही जणांना नव्या हुद्द्यावर कायम केलं. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: हा समझोता फक्त या अकरा नावांपुरता आहे, इतर कोणी याचा आधार घेऊ नये. हिरानो-सान रडले. मीही रडले. माझ्या रडण्यात आनंद किती होता, देव जाणे. ज्या नोकरीवाचून माझं अडणार नव्हतं, ती मला जन्माची मिळाली होती.

नीलकंठ त्याच दुपारी शोचोंकडे गेला. परत आला तेव्हा मी जिन्यातच उभी होते. कॅन्टीननंतर महिन्याभराने तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. "त्यांनी मला चहा दिला. मग उठून उभे राहिले आणि मला वाकून नमस्कार केला. इतके खाली वाकले, विभा, इतका वेळ, की मला काही विचारताच येईना. मीही वाकलो. मान वर केली, तर ते दार उघडून उभे होते."

बारा जण गेले. त्यातले बहुतेक जपानी, कुठे कुठे लागले. नीलकंठचं एकट्याचं राहिलं. नव्या नोकरीसाठी थांबायचं, तर व्हिसाच्या मुदतीची टांगती तलवार आणि घर संस्थेच्या नावावरचं. तिघांची पुण्याची तिकिटं निघाली, दोन एप्रिलची.

पंचवीस मार्चला, शनिवारी सकाळी, मी आवराआवरीला त्यांच्या घरी गेले. नीलकंठ अपूर्वाला घेऊन वॉर्ड ऑफिसला गेला होता, गाव सोडल्याची नोंद करायला. दोन खोल्यांच्या त्या घरात कपाटांवर, फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या, मोठं सामान टाकून देताना इथे पैसे भरून लावाव्या लागतात त्या. भिंतीशी यंगस्टाउन: पेपरांच्या प्रती, महिन्यामहिन्याचे गठ्ठे, रद्दीला देतात तसे दोरीने आडवे-उभे बांधलेले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. सप्टेंबरचा गठ्ठा सगळ्यांत जाड.

दमयंतीने खोक्यावर वर्तमानपत्र टाकून मला चहा दिला. डोळे सुजलेले होते. अपूर्वा परीक्षा पास झाली होती, नव्या शाळेत चांगला नंबर लागला होता. आठ दिवस ती आईबापांशी एक अक्षर बोलली नव्हती, जपानीतही नाही. "रात्रंदिवस कानात ते हेडफोन," दमयंती म्हणाली. "मी हाक मारली तर माझ्याकडे अशी बघते, की मी कोण." मग तिने पदराने नव्हे, अंगातल्या जुन्या स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"विभाताई, एक विचारायचंय. राग मानू नका."

"विचार ना."

"ती यादी झाली म्हणे तुमची. अकरा जणांचं काम झालं. मला परवा बाहेरून कळलं. मी नीलकंठला विचारलं, तू का नव्हतास त्यात? तर तो म्हणाला, मला कोणी विचारलंच नाही. मला माहीतच नव्हतं." तिचा आवाज फुटला. "यादी तुमच्याकडे होती ना? तुम्ही त्याला रोज भेटत होतात. माझ्या हातचं जेवलात, माझ्या पोरीला लहानाची मोठी होताना बघितलंत. तुम्ही त्याला विचारलं नाहीत, विभाताई?"

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. ऑक्टोबर, नोटीस बोर्ड, कॅन्टीन, दहा फेब्रुवारीचे पाच वाजले ते. मी कधी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. सासूचं नाही, साहेबाचं नाही. आणि इथे तर मी खरी होते. पण मग ती त्याच्याबरोबर विमानात बसणार होती. पुण्याला सासरी त्याच्याबरोबर राहणार होती. ज्या माणसाने नुसता एक शिक्का मारला नाही आणि वर बायकोशी खोटं बोलला, त्या माणसाबरोबर, मुकी झालेली पोर घेऊन. त्या घरात खुर्चीत बसलेला दुसरा बाप मला दिसायला लागला.

"राहून गेलं गं," मी म्हटलं. "माझ्याकडून राहूनच गेलं."

"राहून गेलं?"

"गडबडीत होते. त्याचं नाव लक्षातच आलं नाही."

तिने माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला, सिंकमध्ये ओतला आणि नळ सोडला. पाठमोरी म्हणाली, "स्वतःचं नाव बरं लक्षात राहिलं."

मी उठले आणि वळून बघितलं, तर दार उघडंच होतं. अपूर्वा कानात हेडफोन घालून आत येऊन गठ्ठ्यांवर बसली होती. नीलकंठ दाराशी, चपला काढायच्या जागेत, हातात वॉर्ड ऑफिसचा लिफाफा घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावरून कळत होतं.

मी थांबले. तो एक शब्द तरी बोलेल म्हणून थांबले. दमयंतीला नव्हे, मला. आतून नळाचा आवाज येत होता.

नीलकंठ खाली वाकला. निघालेल्या पाहुण्याचे इथे लावून ठेवतात तसे माझे बूट त्याने उचलून, टाचा जुळवून, दाराकडे तोंड करून ठेवले, आणि मला वाट देण्यासाठी बाजूला झाला.